प्रभुभोजनाची पोळी

आताचे तरुण पाळकसाहेब मला दर दोन महिन्यांनी म्हणतात, बाबा, साक्ष द्या. देवाच्या प्रेमाचा तुम्हाला आलेला अनुभव मंडळीला सांगा, तुमच्या वयाचं आता कोण राहिलंय. मी न्हाई म्हणतो. त्यांना वाटतं म्हातारा अडेल आहे. अडेल तं मी आहेच, पण कारण ते न्हाई. मी मंडळीसमोर उभा राहून एकदा साक्ष दिलेली आहे, आणि तिचं पुढं जे झालं ते मला अजून उलगडलेलं न्हाई. म्हणून इथं लिहून ठेवतो. माझं शिक्षण तिसरी. अक्षर जुळवून जुळवून लिहितो, पण लिहितो ते बराबर लिहितो.

आमचं गाव बदनापूरपासून पायी दीड तासावर. गावाच्या खालच्या अंगाला आमची चौदा ख्रिस्ती घरं, आणि मधे पत्र्याचं प्रार्थनामंदिर. मी गवंडी. मंदिरातला काळ्या दगडाचा चौथरा माझ्या हातचा. एकेक चिरा मी घडवला आणि एका दिवसाची मजुरी घेतली न्हाई. हे सांगायची गरज न्हाई, पण सांगतो. ओढ्याच्या पलीकडं बौद्धांची वस्ती. आधी आम्ही सारे एकाच भावकीतले. माझ्या बापानं बाप्तिस्मा घेतला, आणि मी जाणता असताना पलीकडच्यांनी छप्पन साली धम्म घेतला. ओढा तोच राहिला, पण तो ओलांडायचं कमी झालं.

पाळकसाहेब तेव्हा जालन्याहून यायचे. एरवी आम्ही पंच मिळून उपासना चालवायचो, पण प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकरीचा तुकडा आणि द्राक्षारस वाटून घ्यायचा तो विधी, फक्त पाळकसाहेबांच्या हातनं, तीन महिन्यांतून एकदा. शहरात त्यासाठी पाव असतो. आमच्याकडं पाव कुठला? आमच्याकडं पोळी. शुक्रवारी प्रत्येक घरातून ओंजळभर गहू यायचा. तो एकत्र करून जात्यावरच दळायचा, गिरणीत न्यायचा न्हाई. शनिवारी ते पीठ दुधात मळायचं, मीठ घालायचं न्हाई. पोळी जाडसर, पण आतून कच्ची राहता कामा नये, आणि करपल्याचा एक ठिपका चालायचा न्हाई, कारण पाळकसाहेब ती सगळ्यांसमोर वर धरतात. मनुका उकळून त्याचा रस काढला की तो द्राक्षारस. ही पोळी करायचा मान माझ्या घराचा. आधी माझ्या मायचा, मंग माझ्या बायकोचा. शनिवारी संध्याकाळी पांढऱ्या फडक्यात गुंडाळून, पितळी ताटात ठेवून मी ती मंदिरात न्यायचो. रस्त्यात कुणी हाक मारली तरी थांबायचो न्हाई.

दुष्काळाची ती मोठी दोन वर्षं सुरू झाली त्याच सुमाराला बायकोच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. घरातली भाकर एका अंगाला करपायची, दुसऱ्या अंगाला कच्ची राहायची. मी ताट सरकवायचो. ती सरकवलेलं ताट हातानं चाचपून जवळ घ्यायची. पण प्रभुभोजनाची पोळी जशीच्या तशी. गोल, मऊ, डाग म्हणून न्हाई. पहिल्या वेळेला मी लक्ष दिलं न्हाई. दुसऱ्या वेळेला नवल वाटलं. मंग मी तलावाच्या दुष्काळी कामावर दगड फोडता फोडता विचार केला. ज्या हाताला रोज तवा दिसत न्हाई, त्याला तीन महिन्यांतून एक दिवस दिसतो. तं मंग हे काम कुणाचं?

तिसऱ्या वेळेला, पाळकसाहेबांनी पोळी वर धरायच्या आधी, मी उठून उभा राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा.

"माझ्या बायकोला दिवसा उंबरा दिसत न्हाई," मी म्हणालो. "पण प्रभूच्या पोळीपुरते देव तिच्या हाताला डोळे देतो. विश्वास ठेवणाऱ्यावर देव एवढं प्रेम करतो."

पुरुषांच्या बाजूनं आमेन आलं. बायकांच्या बाजूनं आलं न्हाई. बायकांनी पदर तोंडाला लावले होते. मला वाटलं, रडून राह्यल्या. माझी बायको मांडीवरच्या हातांकडं बघत होती, दिसत नसून. मी बसलो तेव्हा माझी छाती केवढी झाली होती, ते काय लिहू.

आता पोरीचं सांगावं लागंल, त्याशिवाय पुढचं कळायचं न्हाई. एकच पोर आम्हाला. सातवी शिकली. भजनं पाठ, पोळीला बसली की मायला हात लावू द्यायची न्हाई. दुष्काळाच्या आदल्या साली तिनं ओढ्यापलीकडच्या मास्तराशी लग्न करायचं ठरवलं. मुलगा वाईट न्हाई, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण बौद्ध. लग्न त्यांच्या रीतीनं. ती मला म्हणाली की मी येशूला सोडणार न्हाई, त्यांची बी काही हरकत न्हाई. मी म्हणालो, पाय त्या उंबऱ्यात पडला की या उंबऱ्यात पडायचा न्हाई. तिनं वाद घातला न्हाई. माझीच पोर ती. उठली आणि गेली.

बाहेर लग्न केलं की प्रभुभोजनातून बंद करायची रीत आमच्याकडं होती. पश्चात्ताप केला की पुन्हा घ्यायचं. पंचांच्या बैठकीत बाकीचे तिघं म्हणाले, थोडं थांबू, पोर कुठं लांब गेली न्हाई, ओढ्यापलीकडंच आहे. मी म्हणालो, माझी पोर आहे म्हणून थांबता काय? दुसऱ्याची असती तं थांबला असता काय? पाळकसाहेबांनी माझ्या तोंडाकडं बघत बघत वहीत लिहिलं. त्या दिवशी मी ताठ मानेनं घरी गेलो. मला वाटलं, आता देवाला कळलं असंल आपण त्याचे किती आहोत ते.

पण तिथूनच घोळ सुरू झाला. पुढच्या एका रविवारी पाळकसाहेबांनी उपदेशात सांगितलं की देव आपला बाप आहे, म्हणून तुम्ही घरी जा, आपल्या लेकराकडं बघा, मंग देव तुमच्याकडं कसा बघतो ते कळंल. सारे घरी गेले. मी बी गेलो. माझ्या घरात बघायला लेकरू नव्हतं. मी ओट्यावर बसलो आणि हिशोब लावू लागलो. मी बाप आहे. भिंत ओळंब्याला चुकली, वाकडी गेली की मी पाडतो, मंग ती मी स्वतः बांधलेली का असंना. पोर चुकली, मी दार लावलं. देव बी असाच बाप असंल तं माझी धडगत न्हाई, कारण माझ्यात चुका काय कमी आहेत? आणि देव तसा नसंल, तं मंग मी कुठला बाप? दोन्हीकडनं मीच चेपला जात होतो. हे मी कुणाला बोललो न्हाई. पंच होतो, पंचानं असं विचारायचं नसतं.

म्हणून बायकोच्या पोळीचं माझ्या लक्षात आलं, तेव्हा मला केवढा धीर आला असंल ते बघा. म्हणजे देव रागावलेला न्हाई. माझ्या घरावर त्याची मर्जी आहे. दार लावलं ते बराबर केलं. त्या साक्षीच्या मागं हे होतं.

साक्ष देऊन तीन महिने झाले. शनिवार होता. तलावाच्या भिंतीला दगड लावायचं काम चालू होतं, पण दगडाची गाडी आली न्हाई म्हणून मुकादमानं दुपारीच सोडलं. मी घरी आलो. बायको भिंतीला टेकून बसली होती. चुलीत मांजर झोपलं होतं, राखेत, अंगाचं वेटोळं करून. आणि टोपलीत पांढऱ्या फडक्याखाली पोळी. मी हात लावला. गरम.

"चूल कधी पेटली?" मी विचारलं.

"आज न्हाई पेटली."

"मंग ही पोळी?"

"गरम आहे ना अजून? कडा कच्च्या तं न्हाईत?"

"मी विचारून राह्यलो काय, तू बोलून राह्यली काय."

तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "तुमच्या पोरीनं केली. ही चौथी वेळ. मी गहू घेऊन जाते, पोळी घेऊन येते. मला दिसत न्हाई हे तुम्हाला ठावं व्हतं. न दिसता पोळी कशी व्हती, हे तुम्ही मला एकदा बी विचारलं न्हाई. मंदिरात उभं राहून सांगितलं मात्र."

"तू तवाच कामून न्हाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तं ताट उचललं असतं का तुम्ही?"

मी म्हणालो, बाकीच्या बायकांना माहीत होतं काय. ती म्हणाली, गहू त्याच देतात, आणि जात्याचा आवाज ओढ्याच्या कुठल्या अंगानं येतो हे ज्याला कान आहेत त्याला कळतं. मंग मला ते तोंडाला लावलेले पदर आठवले. त्या रडत नव्हत्या.

मी मांजराला हाकललं. दुसरं काय करावं ते सुचलं न्हाई. खरं तं मला ताट फेकून द्यायचं होतं. पण त्यात चौदा घरांचा गहू होता, तो एकट्या माझा न्हाई. संध्याकाळी मी ताट नेलं. रस्त्यात नेहमीसारखा कुणाशी बोललो न्हाई, पण त्या दिवशी कुणी हाक बी मारली न्हाई.

रविवारी ताट माझ्यासमोर आलं तेव्हा मी हात मांडीखाली धरून ठेवले. पाळकसाहेब थोडे थांबले, मंग पुढं गेले. वयात आल्यापासून प्रभुभोजन माझं कधी चुकलं नव्हतं. शेजारच्या पंचानं कोपर मारलं. मी चौथऱ्याकडं बघत बसलो. सांध्यातला चुना एका जागी निघाला होता.

उपासना सुटल्यावर पाळकसाहेबांनी मला लिंबाखाली गाठलं. मी त्यांना सगळं सांगितलं, आणि सरळ विचारलं की मागच्या तीन वेळा जे झालं ते प्रभुभोजन झालं का न्हाई झालं.

"झालं," ते म्हणाले.

"मंग तिनं मळलेलं चालतं आणि तिनं तोंडात घातलेलं चालत न्हाई, हे कसं?"

"ते मलाही सांगता येणार नाही. वहीत मी लिहिलं, पण सांगितलं तुम्ही."

मी म्हणालो, तुम्ही पाळक, तुम्ही न्हाई म्हणायला पाहिजे होतं. ते म्हणाले, माझं चुकलं असेल, तुमच्या चेहऱ्याकडे बघून माझी हिंमत झाली नाही. असं पाळकानं म्हणावं हे मला बिलकुल आवडलं न्हाई. मी दुसरं विचारलं. देव विश्वास ठेवणाऱ्यावर जास्त प्रेम करतो का सगळ्यांवर सारखं?

"आपण त्याचं काम केलं म्हणून तो प्रेम करतो असं नाही," ते म्हणाले. "तो आधीपासूनच करतो."

"मंग आम्ही इतकी वर्षं केलं ते कशासाठी?"

त्यांनी सायकलीवर हात ठेवला, खाली बघितलं, आणि म्हणाले की पुढच्या वेळी बोलू, बदनापूरहून जालन्याची गाडी चुकेल. मी त्यांना दोष देत न्हाई. गाड्या दिवसाला खरंच दोनच होत्या.

पुढचे तीन महिने माझे कसे गेले ते सांगता येत न्हाई. दगडावर घण मारताना एक मन म्हणायचं, तुला फसवलं. दुसरं म्हणायचं, फसवून काय केलं, तर तुझ्या देवाची पोळी चांगली केली. आधी मला वाटत होतं की देवानं चमत्कार करून माझ्या घरावरचं प्रेम दाखवलं. आता चमत्कार न्हाई. नुसती एक पोर, जिला मी बाहेर काढलं, ती आत बसलेल्यांसाठी पीठ मळून राह्यली. यात देवाचं प्रेम कुठं शोधायचं? आणि यात नसंल तं मंग कशात असतं? डोकं चालायचं न्हाई. बायको विचारायची, जेवता का? मी जेवायचो. करपलेली भाकर असली तरी ताट सरकवायचो न्हाई. एवढाच फरक.

शुक्रवार आला. बायकांनी गहू आणून दिला. पिशवी मी उचलली. बायकोनं विचारलं न्हाई कुठं निघाला, एवढंच म्हणाली की ओढ्यात उतरताना दगड हलतो तिथं पाय देऊ नका. म्हणजे मला न दिसणाऱ्या वाटेची तिला न दिसता माहिती होती.

पोर अंगणात भांडी घासत होती. जावई बाहेर आला, त्यानं त्याच्या रीतीनं हात जोडले, मी माझ्या रीतीनं सलाम केला, आणि तो न सांगता आत निघून गेला. मास्तर शहाणा. पोरीनं पिशवीकडं बघितलं.

"ठेवा तिथं, बा," ती म्हणाली.

मी ठेवली. मंग उभाच राहिलो. तिनं बसा म्हटलं न्हाई.

"तू कामून करती हे?"

"मायला दिसत न्हाई म्हणून."

"तेवढ्यासाठीच?"

"तेवढ्यासाठीच न्हाई." ती तांब्या घासत राहिली. मला एक गोष्ट तीन महिने छळत होती, ती मी विचारली, पोळी चाखून बघती काय.

"पहिली मोडून बघावीच लागती. आतून कच्ची निघाली तं? माय आणि मी अर्धी अर्धी खातो."

"म्हणजे आमच्या आधी तूच खाल्ली."

"ती नुसती पोळी असती, बा. प्रार्थना व्हायच्या आधीची." तिनं आता वर बघितलं. "मी चोरून काही घेतलं न्हाई. बंद म्हटलं तं बंद."

हे मला लागलं. बंद करणारा मी, आणि ते माझ्यापेक्षा नीट पाळलं तिनं, पोळी स्वतःच्या हातात असताना. मी म्हणालो की पंचांना सांगतो, उघडतील.

"चारचौघांत बंद केलं," ती म्हणाली. "साऱ्या गावाला कळलं. उघडायचं तं चारचौघांत उघडा, बैठकीत न्हाई. आणि मायच्या डोळ्यांचं जे सांगितलं ते बी तिथंच मागं घ्या. बायका मायला हसतात."

"मी माफी मागायला आलो न्हाई."

"मी मागा बी म्हटलं न्हाई. गहू आणलाय, गहू ठेवला. झालं."

मी परत फिरलो. ओढ्यात मधल्या दगडावर पाय दिला, तो हलला. गुडघा फुटला. बायकोनं हळद लावली.

दोन रात्री मी झोपलो न्हाई असं म्हणणार न्हाई, झोपलो. पण शनिवारी ताट नेताना डोक्यात तेच चालू होतं. साक्ष मागं घ्यायची म्हणजे काय? चौथरा बांधला तेव्हा एक चिरा सुद्धा मी परत काढला न्हाई. आणि आता सगळ्यांसमोर उभं राहून म्हणायचं की मी जे बोललो ते चूक.

रविवारी मंदिर भरलं होतं. पोर दारात बसली होती, उंबऱ्याच्या आत पण भिंतीला लागून, उठून जाता येईल अशी. मी भजन संपताच उठलो, नंतर उठणं झालं नसतं.

"मागं मी साक्ष दिली होती," मी म्हणालो. "ती चुकीची होती. माझ्या बायकोला पोळी करताना दिसत नव्हतं. तिनं पोळी केलीच न्हाई. माझ्या पोरीनं केली. पाच वेळा केली, आजची धरून. तिला मी बंद केलं होतं, तुम्ही न्हाई. ते उघडा."

पाळकसाहेबांनी मान हलवली. बाकीच्या तीन पंचांनी बी हलवली. जल्दीच हलवली, मला वाटलं ते कधीपासून तयार होते. मला इथं बसायला पाहिजे होतं. पण साक्षीतलं एक वाक्य राहिलं होतं आणि अर्धवट काम मला जमत न्हाई.

"आणि मी असं म्हणालो होतो," मी म्हणालो, "की देव विश्वास ठेवणाऱ्यावर एवढं प्रेम करतो. ते..."

आणि मी अडकलो. ते खोटं, असं म्हणायला तोंड उघडलं, पण जीभ वळली न्हाई. ते खरं, असं म्हणावं, तं ज्याच्या जोरावर म्हणालो होतो ते हातात काही राहिलं नव्हतं. मी पाळकसाहेबांकडं बघितलं. ते माझ्याकडं बघत होते, त्यांना सुद्धा पुढचा शब्द ऐकायचा होता असं वाटलं. पोळी त्यांच्यापुढं ताटात, पांढऱ्या फडक्याखाली. मी तिच्याकडं बघितलं. तिथं बी काही लिहिलेलं नव्हतं. मंदिरात इतकी शांतता की पत्रा तापल्याचा कडकड आवाज येत होता.

मंग बायकांच्या बाजूनं माझ्या बायकोचा आवाज आला. घरात बोलते तसा, मोठा न्हाई.

"बसा आता."

मी बसलो.

ताट आलं, मी तुकडा घेतला. मंग ते बायकांच्या बाजूला गेलं. मी मान वळवली न्हाई. पण पाळकसाहेबांची पावलं मी ऐकत होतो. रांगेच्या शेवटी ते नेहमी वळायचे. त्या दिवशी वळले न्हाईत. पुढं गेले, दारापर्यंत, तिथं थांबले, आणि मंग सावकाश परत आले.

बायकोच्या डोळ्यांचं ऑपरेशन पुढच्या साली जालन्याला झालं. तिला दिसू लागलं, तरी पोळी पलीकडंच होत राहिली, आणि शुक्रवारी गहू मीच न्यायचो. पोर बसा म्हणायला लागली. त्या "ते"च्या पुढं मी काय म्हणणार होतो, हे मी ओढा ओलांडताना पुष्कळ वेळा जुळवून बघितलं. कधी एक शब्द बराबर वाटतो, कधी त्याच्या उलटा. आताचे पाळकसाहेब म्हणतात, देव प्रेम करतो, तेवढंच सांगा ना, तेवढं पुरे आहे. मला ते पुरे वाटत न्हाई.